धुराचं कपाट

सुमतीबाईंनी मशीनच्या दाराला कान लावला. आतून काहीच ऐकू येईना, तेव्हा त्यांनी त्याच्या अंगावर एक थापड मारली, मग दुसरी, जरा जोरात. काचेमागचं भरताचं वांगं ठेवलं होतं तसंच जांभळं, चकचकीत आणि ढिम्म बसून होतं. वरच्या काळ्या पट्टीवर लाल रंगात ‘ई’ आणि चारचा आकडा लुकलुकायला लागला.

“आला वाटते तुझा ई-चार,” मागून हरिभाऊ म्हणाले.

“माझा कायले? कंपनीचा आहे तो.”

हरिभाऊ स्वयंपाकघरातच, टेबलाशी बसले होते. गळ्यात नॅपकिन खोचलेला, समोर रिकामं ताट आणि चमचा. बसवलं की बसायचे, उठवलं की उठायचे. घशाच्या कर्करोगासाठी त्यांना किरणांचे शेक दिले होते. आजार गेला असं डॉक्टर सांगत होते, पण जाताना तो चव घेऊन गेला, तोंडातला ओलावा घेऊन गेला आणि भूकही सोबत नेली. आता तोंडात काहीही घातलं तरी खडू खाल्ल्यासारखं लागतं, असं ते म्हणत. सगळी हयात तळेगावच्या शाळेत फळ्यासमोर घालवलेल्या माणसाला खडूची चव ठाऊक असणारच, त्यामुळे त्यावर वाद घालायची सोय नव्हती.

मागच्या तपासणीला सेवाग्रामच्या डॉक्टरबाईंनी वजनाचा काटा दोनदा पाहिला. पुढच्या वेळी याहून खाली आलात तर नाकातून नळी घालावी लागेल, म्हणाल्या. हरिभाऊंनी तिथल्या तिथे मान डोलावली. घरी आल्यावर बूट काढता काढता ते सुमतीबाईंना म्हणाले, “नळी घालून घेनार नाई मी. त्यापेक्षा राहू दे.” काय राहू दे, ते त्यांनी सांगितलं नाही. विचारायची सुमतीबाईंची छाती झाली नाही. पुढची तपासणी आता येत्या सोमवारी होती.

त्यांनी फोन लावला. हिंदीसाठी एक दाबला, तक्रारीसाठी तीन दाबला, आणि मशीनसमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या.

“नमस्कार, मैं सचिन. मैं आपकी क्या सहायता कर सकता हूँ?”

“कालवाले गोपाल कहाँ गये?”

“मॅम, आप मुझे बताइये.”

“धुव्वा नहीं निकल रहा. वो फिर से ई-चार आया.”

“असुविधा के लिए खेद है. आपने मशीन बंद करके चालू किया?”

“किया ना. थापड़ भी मारी.”

पलीकडे कीबोर्ड खडखडला. मग सचिनने विचारलं, कंपनीच्या लाकडाशिवाय दुसरं कुठलं लाकूड तर वापरलं नाही ना? तसं असेल तर वॉरंटी जाते. सुमतीबाईंनी खालच्या ट्रेमधल्या तुराट्यांच्या तुकड्यांकडे पाहिलं.

“नहीं जी,” त्या म्हणाल्या. “सेब का ही है.”

सचिनने तक्रार नोंदवली, दोन दिवसांत कळवतो म्हणाला आणि या संवादाला पाचपैकी किती गुण द्याल असं विचारून गेला. मागे हरिभाऊंनी ताट हलकेच पुढे सरकवलं, म्हणजे आजचं जेवण झालं.

हे मशीन घरात आलं त्याला एक वास कारणीभूत होता. दिवाळीनंतर एका संध्याकाळी खालच्या मोकळ्या प्लॉटवर कोणीतरी तुराट्या पेटवून वांगी भाजत होतं. वास खिडकीतून वर आला, आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले हरिभाऊ उठून बसले. “भरीत,” ते म्हणाले. कित्येक आठवड्यांत खाण्याच्या पदार्थाचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. त्या एका शब्दाने सुमतीबाईंना वेड लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅलरीत शेगडी पेटवली. धूर हरिभाऊंच्या सोललेल्या घशात गेला आणि ते रात्रीपर्यंत खोकत राहिले. डॉक्टरबाईंनी फोनवरच झापलं, धूर त्यांच्या आसपास फिरकायला नको म्हणून बजावलं. मग गॅसवर वांगं भाजून पाहिलं. ते त्यांनी नुसतं हुंगलं आणि बाजूला ठेवलं.

मुलगा ऋग्वेद पुण्याला. त्याच्या बायकोने, इलाने, हे मशीन शोधून काढलं. विजेवर चालतं, धूर आतल्या आत कोंडून राहतो, वास तेवढा अन्नाला लागतो. एवढं ऐकून सुमतीबाईंना देव पावल्यासारखं झालं. खोकं उघडलं तेव्हा आतून स्टीलचं, कमरेइतकं उंच, काचेच्या दाराचं एक धूड निघालं. ओट्यावर मावेना म्हणून ते फ्रिजशेजारी जमिनीवर बसवलं. सुमतीबाई त्याला धुराचं कपाट म्हणायच्या. सोबत सफरचंदाच्या लाकडाच्या चकत्यांची पिशवी होती.

“वांग्याले सफरचंदाचा धूर,” हरिभाऊ म्हणाले होते. “मोठ्या घरचं वांगं दिसते.”

सुमतीबाईंनी ती पिशवी माळ्यावर टाकली. खालच्या मजल्यावरच्या कोकिळाबाईंनी अल्लीपूरहून, भावाच्या शेतातून तुराट्यांची मोळी आणून दिली होती. ती मोडून त्यांनी ट्रे भरला.

पहिल्या दिवशी मशीन चाललं. खरी पंचाईत तिथेच झाली. पहिल्याच दिवशी बिघडलं असतं तर परत पाठवून मोकळ्या झाल्या असत्या. पण त्या दिवशी काचेमागे निळसर धूर दाटला, वांग्याची कातडी सुरकुतली आणि घरभर गावाकडच्या हिवाळ्याचा हलका वास पसरला. भरीत करून हरिभाऊंपुढे ठेवलं आणि नेमका तेव्हाच ऋग्वेदचा व्हिडिओ कॉल आला. सुमतीबाई मशीनपुढे बसून त्याला नि इलाला धूर दाखवत राहिल्या, हे बटण बघ, ते बटण बघ. फोन ठेवून उठल्या तर हरिभाऊंनी निम्म्याहून जास्त भरीत संपवलेलं. त्या संध्याकाळी सुमतीबाईंनी देवापुढे दोन वाती जास्त लावल्या.

त्यानंतर मशीन धड असं चाललंच नाही. कधी गरम व्हायचं पण धूर निघायचा नाही. कधी धूर निघायचा आणि मध्येच सगळं गार पडायचं. कधी घराचा फ्यूज घेऊन जायचं. कंपनीने बंद करून चालू करायला सांगितलं, मग चोवीस तास बंद ठेवायला सांगितलं, मग व्हिडिओ पाठवायला सांगितला, आणि व्हिडिओ पाठवल्यावर तो फार मोठा आहे म्हणून लहान करून पाठवायला सांगितला. वर्ध्याला आपला माणूस नाही, नागपूरहून यावा लागेल, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, माणूस येऊन गेला अशी नोंद दिसते आहे. सुमतीबाईंनी त्या दिवशी घराबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

पण त्यांची पक्की खात्री झाली होती, की हे कपाट चाललं तर आपला माणूस जगेल. बाकी सगळे उपाय करून झाले होते.

तोपर्यंत पोटात काही तरी जायला हवं, म्हणून त्या मऊ खिचडी, पातळ वरणभात, दुधातला शिरा असं काहीबाही करून ताट मांडत. आणि समोर बसत. बसावंच लागे. मध्यंतरी एकदा त्या वाळवण काढायला गच्चीवर गेल्या होत्या, परत येऊन पाहिलं तर ताट स्वच्छ. आनंदाने भांडं घासायला घेतलं तेव्हा मोरीच्या जाळीत भाताची शितं अडकलेली दिसली. हरिभाऊंनी वाद घातला नाही. चोरी पकडल्यावर पोरं जशी खाली बघतात तसे ते खाली बघत राहिले. तेव्हापासून सुमतीबाई शेवटचा घास होईपर्यंत समोरची खुर्ची सोडत नसत.

“हा एक घ्या.”

“तू जेवून घे. मी खातो.”

“तुमचं झाल्यावर जेवीन. घ्या, एवढा. ऋग्वेदच्या नावाचा.”

हरिभाऊ तोंड उघडत. घास आत जाई, इकडून तिकडे फिरे, गिळताना मानेच्या शिरा वर येत, आणि निम्मा ओठांच्या कोपऱ्यातून परत बाहेर. सुमतीबाईंचा हात तयारच असे. त्या नॅपकिनने पुसत आणि लगेच पुढचा चमचा भरत.

“आता इलाच्या नावाचा.”

“पुरे.”

“कसं पुरे? चिमणीएवढं खाल्लं तुम्ही.”

त्यांच्या अल्लीपूरच्या माहेरी जेवू घालायची रीतच तशी होती. पाहुणा पुरे म्हणून ताटावर आडवा झाला की दोघांनी त्याचे खांदे धरायचे आणि तिसऱ्याने वाढायचं. त्याशिवाय जेवण झालं असं कोणी म्हणत नसे. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलेले हरिभाऊ असे जेवले होते की दुसरा दिवस त्यांना नुसत्या ताकावर काढावा लागला होता, आणि ती गोष्ट सुमतीबाईंच्या माहेरी अजून कौतुकाने सांगत. भरवणं म्हणजे आग्रह, आणि आग्रह म्हणजे माया. याहून दुसरी कुठली रीत त्यांनी पाहिलेलीच नव्हती.

कोकिळाबाईही त्याच गावच्या. बुधवारी त्या शेतातल्या चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत डब्यात घेऊन आल्या. धूर होता, वास होता, सगळं होतं. त्या सुमतीबाईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

“सर, घ्या. खास तुमच्यासाठी आनलं. मी पाह्यल्याशिवाय जानार नाई.”

दोघी पाहत राहिल्या. हरिभाऊंनी एक चमचा तोंडात घातला, दुसरा घातला. दुसरा घशात अडकला, डोळ्यांत पाणी आलं, आणि सगळं नॅपकिनवर, शर्टवर, कोकिळाबाईंच्या हातावर उडालं.

“काही नाई होत सर, काही नाई होत,” कोकिळाबाई हात झटकत म्हणाल्या. “अजून एक घेऊन पाहा.”

हरिभाऊ उठले. भिंतीला धरत धरत आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. एरवी ते दार कधी लावत नसत.

“भरीत गार झालं होतं,” सुमतीबाई कोकिळाबाईंना म्हणाल्या. “गरम पायजे होतं. इथल्या इथे, मशीनमधून काढून. तेव्हाच जाते त्याईले.”

रात्रभर त्यांना झोप आली नाही. नवऱ्याच्या पाठीचे मणके अंधारातसुद्धा दिसत होते. सोमवार डोळ्यांपुढे उभा होता, आणि त्या सोमवारी नळीला नाही म्हणून मान हलवणारे हरिभाऊ.

गुरुवारी मशीन पूर्णच मेलं. बटण दाबलं तरी दिवा लागेना. आता ई-चारसुद्धा येत नव्हता, आणि सुमतीबाईंना त्याचीही आठवण यावी अशी पाळी आली. टेबलावर हरिभाऊंपुढे खिचडी वाढून ठेवलेली होती. ती तशीच सोडून त्या जमिनीवर बसल्या आणि फोन लावला.

“नमस्कार, मैं समीक्षा.”

समीक्षाने आधी प्लग तपासायला लावला. मग बटण दाबून धरायला लावलं. मग म्हणाली, मशीनच्या मागे एक नंबर आहे तो वाचून दाखवा. सुमतीबाईंनी फ्रिजच्या बाजूने हात घालून मशीन ओढलं, जमिनीवर आडव्या झाल्या, पदर कोळिष्टकांत गेला. चष्मा टेबलावर राहिला होता. आकडे दिसेनात. तीनला आठ वाचला, पुन्हा वाचला, समीक्षाने पुन्हा म्हणवून घेतला.

“मॅम, इस नंबर पर पहले से शिकायत दर्ज है. उसका समाधान हो चुका है.”

“क्या हो चुका है?”

“समाधान, मॅम. इसलिए वो बंद कर दी गई है. मैं नया टिकट बना देती हूँ.”

सुमतीबाई उठून बसल्या. इतके दिवस जे त्यांनी घशाखाली दाबून ठेवलं होतं ते सगळं एकदम वर आलं.

“मेरा आदमी भूखा मर रहा है,” त्या ओरडल्या. “समझता क्या तुमको? सोमवार को उसके नाक में नळी डालनेवाले है, और वो डालने नहीं देगा. नहीं देगा वो, मैं जानती उसको. ये मशीन चलेगा तो खायेगा करके मैं रोज उसके सामने बैठती. और तुम टिकट देते मेरे को! टिकट!”

पलीकडे दूरवर इतर माणसं बोलत होती, सगळी एकाच सुरात, सगळी खेद व्यक्त करत.

“मैं आपकी परेशानी समझ सकती हूँ, मॅम,” समीक्षा म्हणाली. हे वाक्य तिला शिकवलेलं होतं हे सुमतीबाईंना कळत होतं. पण म्हणताना पोरीचा आवाज हलला, हेही त्यांना कळलं. “आप लाईन पर रहिए. मैं किसी से बात करके आती हूँ. फोन मत रखिए.”

फोनमध्ये बासरी सुरू झाली. सुमतीबाई मशीनच्या काचेकडे तोंड करून बसून राहिल्या. त्यांना रडायला येत होतं, आणि ते हरिभाऊंना दिसू नये म्हणून त्यांनी मान वळवली नाही. पदर तोंडावर धरला. बासरी एक फेरी संपवून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. मध्येच एक बाई सांगायची की तुमचा फोन आम्हाला महत्त्वाचा आहे. पाय मुंग्या येऊन जड झाले तरी त्या तशाच बसल्या होत्या.

शेवटी समीक्षा परत आली. आमचा माणूस शनिवारी हायवेवरच्या जाम गावी एका ढाब्यावर जाणार आहे, म्हणाली. तिथेही हेच मशीन बिघडलंय. मी त्याला तिथून वर्ध्याला पाठवते. माझ्या अधिकारात नाही, पण पाठवते.

सुमतीबाईंनी फोन ठेवला, डोळे पुसले आणि ओट्याचा आधार घेऊन उठल्या. वळल्या तर ताटात खिचडी जेमतेम चमचाभर उरली होती.

“काय म्हनते कंपनी?” हरिभाऊंनी विचारलं.

त्यांनी मोरीची जाळी पाहिली, कोरडी होती. कचऱ्याचा डबा पाहिला. टेबलाखाली वाकल्या. नॅपकिन झटकून पाहिला. हरिभाऊ खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यांच्या हनुवटीवर एक शीत चिकटलेलं होतं.

“शनिवारी येते म्हने मानूस,” त्या म्हणाल्या.

भूक परत आली, असं त्यांनी मनाशी धरलं. रात्री त्यांनी हौसेने तूप घालून पुन्हा तीच खिचडी केली आणि समोर बसल्या. हरिभाऊंनी तीन चमचे घेतले आणि ताट सरकवलं. शुक्रवारीही तेच. सुमतीबाईंनी ऋग्वेदला फोन करून विचारलं की सोमवारची तपासणी पुढे ढकलता येईल का. तो म्हणाला, आई, ढकलून काय होईल गं? फोन ठेवून सुमतीबाईंनी सेवाग्रामची फाईल पिशवीत घालून ठेवली.

शनिवारी सकाळी खरोखरच माणूस आला. कपड्यांना ढाब्याच्या तंदूरचा वास, हातात पिशवी. आला तसा मशीनच्या मागचं झाकण उघडून त्यात डोकं घालून बसला.

“वायर सैल होती मावशी,” तो म्हणाला. “फिरून फिरून हलत होती, म्हनून कधी चाले, कधी नाई चाले. बाकी मशीन चांगलं आहे.”

“एवढंच?”

“एवढंच.”

सुमतीबाईंना हसावं की त्याच्या डोक्यात काही घालावं कळेना. त्यांनी त्याला चहा पाजला. तो गेल्यावर ट्रेमध्ये तुराट्या भरल्या, वांग्याला तेलाचा हात लावला, दार लावलं आणि बटण दाबलं. पंखा गुरगुरला. काचेमागे धुराची एक रेघ उठली, मग दुसरी, मग आत सगळं निळं झालं. वांगं हळूहळू बसत गेलं, त्याच्या कातडीतून रसाचे थेंब सुटले. दाराच्या फटीतून येणारा वास इतका हलका होता की घशाला लागू नये, आणि इतका खरा होता की सुमतीबाईंना हात जोडावेसे वाटले.

त्यांनी गरम गरम वांगं सोललं, हिरवी मिरची टाळली, कांद्याची पात अगदी बारीक केली, वर कच्चं तेल सोडलं. ताट हरिभाऊंपुढे ठेवलं आणि स्वतः समोरच्या खुर्चीत बसल्या.

हरिभाऊंनी ताटावर झुकून वास घेतला. चमचा भरला. तोंडात घातला आणि डोळे मिटले.

“लागते काही?”

त्यांनी डोळे उघडले. मान किंचित हलवली, हो.

“लागते ना! मी म्हनत होती ना! घ्या, अजून घ्या. हा मोठा घ्या.”

दुसऱ्या चमच्याला भरीत ओठांच्या कोपऱ्यात आलं. सुमतीबाईंचा नॅपकिन तिथे आधीच पोचला होता. हरिभाऊंनी चमचा खाली ठेवला.

“काऊन? चांगलं लागते म्हनता ना?”

हरिभाऊ भरताकडे बघत नव्हते, सुमतीबाईंकडे बघत होते. पेपर लिहिणाऱ्या पोराच्या बाकाशी मास्तर येऊन उभा राहिला की पोर जसं मान वर करतं, तसे. चिडलेले नव्हते, रुसलेले नव्हते, नुसते थांबले होते. पोरांसमोर कधी चाचरले नव्हते असे हरिभाऊ. आता त्यांचं गिळणं, त्यांची लाळ, मानेच्या शिरा, सगळं एक जण खुर्ची टाकून रोज बघत होतं, मोजत होतं, पुसत होतं.

सुमतीबाईंच्या हातातला नॅपकिन तसाच राहिला. व्हिडिओ कॉलचा दिवस त्यांना आठवला, आणि गुरुवारची खिचडी. दोन्ही वेळा आपलं तोंड कुठे होतं तेही आठवलं. इतके दिवस ज्याला त्या माया म्हणत होत्या, तीच या माणसाच्या घशात अडकत होती, आणि तो मुकाट्याने सोसत होता, कारण ती माया करणारं माणूस त्याला जवळ हवंच होतं. त्यांना वाटलं, आत्ता इथेच रडावं, माफी मागावी. पण तेही परत हरिभाऊंच्या समोर बसूनच झालं असतं.

त्या उठल्या. ओट्यावरचा फोन घेतला, चालू मशीनच्या पुढे जमिनीवर बसल्या, हरिभाऊंकडे पाठ करून. बोटाने कुठेतरी दाबल्यासारखं केलं आणि फोन कानाला लावला.

“हॅलो,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “हाँ, वर्धा से. वो फिर बिगड़ गया जी तुम्हारा मशीन.”

फोनमध्ये काहीच नव्हतं. काचेमागे धूर संथपणे फिरत होता.

“नहीं, नहीं चल रहा. तुम्हारा आदमी आके गया, फिर भी. लाईट जलता, लेकिन धुव्वा नहीं. हाँ, बंद करके चालू किया.”

मागे खुर्ची किंचित करकरली. सुमतीबाईंनी मान ताठ धरली. बोलायचं काय तेही सुचेना, म्हणून त्यांनी मागचा नंबर वाचायला घेतला, आठवेल तसा, चुकीचा. ताटावर चमचा वाजला. मग बराच वेळ काही नाही, त्या बोलतच राहिल्या. मग पुन्हा वाजला. एक ठसका लागला, आणि त्यांचं अर्धं अंग वळायला निघालं, पण त्यांनी दोन्ही गुडघे हाताने घट्ट धरले. ठसका शांत झाला. पाणी प्यायल्याचा आवाज आला.

“हाँ, रुकती ना मैं,” त्या म्हणाल्या. “बात करके आओ तुम. मैं लाईन पर है.”

आणि तेव्हाच त्यांच्या कानाशी फोन खणखणला.

आवाज एवढा मोठा होता की त्यांच्या हातून फोन सुटता सुटता राहिला. मागचा चमचा थांबला. फोन वाजत होता आणि सुमतीबाई तो तसाच कानाला धरून, काचेकडे तोंड करून, गोठल्यासारख्या बसल्या होत्या. काय सोंग घेतलं होतं ते घरभर खणखणत होतं. डोळ्यांतून पाणी सुटलं. पुसायला हात वर केला असता तर तोही मागून दिसला असता.

“उचल,” हरिभाऊंचा घासलेला आवाज आला.

त्या हलल्या नाहीत.

“उचल नं. कंपनीचाच असंल.” थोडं थांबून ते म्हणाले, “आरामात बोल. मले काही घाई नाई.”

चमचा पुन्हा ताटावर वाजला.

सुमतीबाईंनी हिरवं बटण दाबलं. पलीकडे समीक्षा होती. आमचा माणूस आला होता का, मशीन चालू झालं का, तुमच्या समस्येचं समाधान झालं का, असं ती विचारत होती. शेवटचा प्रश्न तिने जरा हळू विचारला.

काचेमागे धूर दाटून आला होता. सुमतीबाई तो बघत होत्या, आणि त्यांचे कान मागे होते.

“नहीं हुआ बेटा,” त्या म्हणाल्या. “तुम कल फिर से फोन करना. इसी टाईम पे.”